निर्वासितांना आसरा देतं कोण?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात एका वाचकाने याच सदरात लिहिलं की निर्वासित सगळे युरोप-अमेरिकेची वाट धरतात आणि आयतं खातात. हे खरं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेच्या हिशेबाने २०२४ अखेर घरदार सोडावं लागलेली माणसं १२ कोटींच्या वर होती. त्यातली निम्म्याहून जास्त आपापल्या देशातच कुठेतरी दिवस काढताहेत. सीमा ओलांडलेल्यांपैकी बहुतेकांची धावही शेजारच्या देशापर्यंतच: सीरियातून लेबनॉन, जॉर्डन, तुर्कस्तान, म्यानमारमधून बांगलादेश.

जॉर्डनचं मी ऐकीव सांगत नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा आम्ही तिथे होतो. बँका बंद, पगार बुडाला. बसरा, बगदाद करत बसने जॉर्डनच्या सीमेवर पोचलो. वाळवंटात तंबू, टँकरपाशी रेटारेटी, मुलगा तापाने फणफणलेला. एका जॉर्डनी बाईने बसच्या खिडकीतून खुबूस (तिकडची रोटी) आणि टोमॅटो आत दिले. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. तो देश स्वतः पाण्याला महाग, शिवाय १९४८ पासून पॅलेस्टिनी निर्वासितांना सांभाळणारा. पुढे अम्मानहून एअर इंडियाने एक लाखाहून जास्त भारतीयांना मायदेशी आणलं, त्यात आम्ही होतो. आमच्या पाठीशी सरकार होतं. ज्याचं सरकारच त्याच्या जिवावर उठलंय, त्याने कुणाकडे बघायचं?

फोंडेकरांना तर हे सांगायला नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने देवही निर्वासित झाले: कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. अंत्रूज महाल, म्हणजे आपला फोंडा, तेव्हा विजापूरच्या मुसलमान सुलतानांच्या आदिलशाहीत होता, हेही लक्षात ठेवावं.

भारताचा हातही आखडता नव्हता. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश लोक राहिले, १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं आली. तरी १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आपली सही नाही आणि देशात स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटींना एक वागणूक, रोहिंग्यांना दुसरी. सगळं त्या-त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर.

गोव्याच्या खासदारांनी संसदेत हा विषय लावून धरावा. अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत निकाल लागायचा आणि तोवर कुणालाही परत धाडायचं नाही, निदान एवढं तरी कायद्याने ठरू दे.

आपली एक वाचक,
कवळे, फोंडा