गाडीची वाट पाहू, पण कागदावर लिहून द्या

संपादक महोदय,

आमच्या जिल्ह्यातल्या शोरूममध्ये कधीही जा, दारात मॅन्युअल गाड्याच उभ्या दिसतील. पेट्रोल नाहीतर सीएनजी, पांढऱ्या किंवा करड्या. त्या लवकर खपतात, म्हणून डीलर त्याच मागवून ठेवतो. यात त्याची चूक नाही. पण ज्याची गरज वेगळी असते, त्याला बुकिंग करून कंपनीकडून गाडी येईपर्यंत थांबावं लागतं. माझे यजमान अर्धांगाच्या झटक्यातून सावरले, पण डाव्या पायाने क्लच दाबणं त्यांना आता जमत नाही. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही, फक्त ऑटोमॅटिक हवी. शिवाय आमच्या वाडीत दोन्ही बाजूंच्या चिऱ्याच्या गडग्यांमधून गाडी मागे घ्यावी लागते, म्हणून मागचा कॅमेरा हवा. असं मॉडेल तयार स्टॉकमध्ये नव्हतं. जूनमध्ये आम्ही पैसे भरून बुकिंग केलं.

बुकिंग घेणारा मुलगा सरळ होता. “काकू, गणपतीला गाडी येईल असं मी सांगणार नाही. प्लांटमधून निघाली की चासी नंबर पाठवतो,” असं तो म्हणाला आणि मधून मधून स्वतःहून फोन करत राहिला. सांगण्यासारखं काही नसलं तरी ‘काही नाही’ एवढं कळवायचा. त्या काळात आम्हाला एकदाही घोर लागला नाही. पुढे त्याने नोकरी सोडली. त्याच्या जागी आलेल्याला आमच्या बुकिंगची काहीच माहिती नव्हती. रंग कोणता ठरला, कॅमेऱ्याचं काय बोलणं झालं, सगळं त्या मुलाच्या मोबाइलमध्ये होतं. पावती काढून पाहिली. मॉडेलचं नाव आणि भरलेली रक्कम एवढंच लिहिलेलं. रंगाचा रकाना कोरा. डिलिव्हरीच्या तारखेपुढे ‘अंदाजे’ असा शिक्का आणि मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत अटी. तेव्हापासून दर वेळी एकच उत्तर मिळतं, “पुढच्या आठवड्यात नक्की.”

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिल होईल त्या दिवसाचा दर लागतो, त्यामुळे आमचाही फायदाच होणार. पण दसरा-दिवाळीला गर्दी उसळली आणि प्रश्न पडला की आमचा नंबर नक्की कुठे आहे? आमच्यानंतर बुकिंग केलेल्यांना गाड्या मिळाल्या का? मिळाल्या असतील तर वेगळं मॉडेल म्हणून, की कुणाच्या ओळखीने? यातलं काहीच ग्राहकाला दिसत नाही. विचारलं तर मॅनेजर म्हणाले, “मॅन्युअल आहे, सिल्व्हर, आजच घेऊन जा.” पाय का चालत नाही हे त्यांना सांगून झालेलं होतं.

आमची हापूसची लहानशी बाग आहे. पुण्या-मुंबईची माणसं फेब्रुवारीतच पेट्यांचे पैसे पाठवतात. मोहोर गळला, अवकाळी पाऊस पडला की आम्ही त्याच आठवड्यात फोन करून सांगतो की आंबा उशिरा येईल, हवे तर पैसे परत घ्या. परत मागणारे फार थोडे निघतात. गाडीच्या धंद्यात हे का होऊ नये, मला खरोखर कळत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, रंग, कंपनीकडे नोंदलेला ऑर्डर नंबर आणि रद्द केल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळतील हे मराठीत लिहून द्यावं. आपल्या बुकिंगसाठी कोणती गाडी येणार हे ठरलं की तिचा १७ अक्षरी चासी नंबर त्याच दिवशी कळवावा. हा नंबर फार उपयोगाचा आहे, कारण गाडी कोणत्या वर्षी बनली हे त्यातून कळतं. नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलर गाडी ताब्यात देऊ शकत नाही, तेव्हा नोंदणीला जाण्याआधीच हा नंबर जुळवून गाडी डोळ्यांनी पाहून घेणं बरं. नंतर तक्रार करायची तर गाडी आपल्या नावावर चढलेली असते. विमाही शोरूमचाच घ्यावा असं बंधन नाही, तेही कुणी आपणहून सांगत नाही.

आणि गाडी येऊन यार्डात उभी असेल तर ते यार्ड कुठे आहे, हेही सांगावं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना हा प्रश्न फाजील वाटणार नाही. पूर नसला तरी आपल्या पावसाळ्यात चार महिने न हललेल्या गाडीची बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, खाऱ्या हवेने खालचा पत्रा गंजायला लागतो. अशी गाडी पुसून नवी म्हणून दिली तर ग्राहकाला कसं कळणार?

फसवणूक झालीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे. पण माझ्यासारख्या बहुतेकांना भांडायचं नाही, गाडी हवी आहे. आम्ही बुकिंग रद्द केलेलं नाही. ऑर्डर नंबर लेखी मागितला, तो परवा मिळाला. ग्राहक पंचायतीच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कार्यकर्त्यांनी बुकिंग पावतीचा एक नमुना तयार करून दोन्ही जिल्ह्यांतल्या सगळ्या डीलरांपुढे ठेवावा, अशी माझी त्यांना विनंती आहे. त्या कामात मी वेळ द्यायला तयार आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, गुहागर (जि. रत्नागिरी)