आधी अपेक्षित आउटपुट, मग प्रोग्रॅम

महोदय,

दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत वर्तमानपत्रांत कॉम्प्युटर शाखेच्या कटऑफची चर्चा रंगते. त्या शाखेतून बाहेर पडलेली मुलं पुढे माझ्या हाताखाली येतात, म्हणून हे पत्र.

बाणेरला एका छोट्या कंपनीत मी टीम लीड आहे. गेल्या वर्षी पाच जणांची टीम मिळाली, त्यातले चौघे थेट कॉलेजातून आलेले. काम सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं. ठरवलं, टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) करायचं. म्हणजे आधी टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर तपासणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायची, ती फेल होऊन लाल दिसलीच पाहिजे. मग ती पास होण्यापुरताच कोड, आणि हिरवी झाली की कोडची साफसफाई.

पहिल्याच आठवड्यात सगळं हिरवंगार! मला शंका आली. मुलांनी कोड आधी लिहून, तो देईल तेच उत्तर टेस्टमध्ये उतरवलं होतं. एका टेस्टमध्ये तर असर्टच, म्हणजे उत्तर पडताळणारी ओळच, नव्हती. ती जन्मात फेल झाली नसती. रागवणार होते, पण आठवलं, प्रॅक्टिकलच्या जर्नलात आम्ही तरी दुसरं काय केलं? प्रोग्रॅम चालवायचा, येईल ते आउटपुट चिकटवायचं, सरांची सही घ्यायची.

मग जोड्या लावल्या. एकाने टेस्ट लिहायची, दुसऱ्याने कोड. थकबाकीच्या व्याजाची टेस्ट लिहिताना एक मुलगी अडली. "मॅम, मुदत दहा तारखेपर्यंत आहे. दहालाच पैसे भरले तर व्याज लावायचं का?" सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला, तर तेही क्षणभर गप्प. कोड आधी लिहिला असता, तर 'पेक्षा मोठं' की 'मोठं किंवा बरोबर' या एका चिन्हात हा निर्णय कुणाच्या नकळत होऊन गेला असता, आणि आम्हाला तो सभासदांच्या भांडणातून कळला असता.

पहिले दोन महिने वेग पडला, वरून बोलणी खाल्ली. स्क्रीनच्या मांडणीसाठी हा प्रकार आम्हाला झेपला नाही. तिथे सोडून दिला.

ही पद्धत केंट बेक या अमेरिकन सॉफ्टवेअर इंजिनिअरमुळे माहीत झाली, पण आपण ती नव्याने शोधली नाही, पुन्हा शोधली, असं तेच सांगतात. कॉम्प्युटरची माहिती टेपवर असायची, त्या जमान्यातल्या एका पुस्तकात अपेक्षित आउटपुटची टेप आधी हाताने टाइप करायला सांगितलं होतं. म्हणजे यासाठी नवी लॅब लागत नाही. अभ्यास मंडळाने जर्नलात 'अपेक्षित आउटपुट' असा एक रकाना वाढवावा आणि प्रोग्रॅम टाइप करण्याआधी त्यावर सरांची सही लागावी. सत्राच्या शेवटी दहा प्रयोगांवर एकगठ्ठा सह्या घ्यायची सोय तेवढी जाईल.

— एक टीम लीड, कर्वेनगर, पुणे