गुण छापता, मग मिनिटंही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर शहरातल्या एका बास्केटबॉल स्पर्धेच्या उपांत्य सामन्याचं वृत्त आलं होतं. आधीच्या दोन सामन्यांत चमकलेल्या नवोदित खेळाडूला प्रशिक्षकाने ऐन मोक्याच्या वेळी बेंचवर बसवून ठेवलं आणि म्हणून संघ हरला, असा त्याचा एकंदर रोख. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तोच विषय. एक म्हणे, सरांचे लाडके ठरलेले आहेत. दुसरा म्हणे, पोट्ट्याच्या बापानं कोणाला तरी दुखावलं असेल. तिसऱ्याचं एकच पालुपद, ‘काहून बसवला बा, एवढा चांगला तर खेळत होता!’ त्या सामन्याला मी स्कोअरर म्हणून टेबलावर होतो. मुलगा नेमका किती मिनिटं खेळला, हे ठेल्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं आणि आपल्या वृत्तातही ते कुठे नव्हतं. अधिकृत स्कोअरशीट माझ्या पुढ्यात होतं, पण तो आकडा त्याच्यावरही नव्हता.

वाचकांना याचं नवल वाटेल, म्हणून जरा खुलासा करतो. स्कोअरशीटवर खेळाडूच्या नावापुढे तो मैदानात उतरला की एक लहानशी फुली पडते. सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल असतो. त्यापुढे फाऊलचे पाच रकाने. कोणत्या क्रमांकाच्या खेळाडूने किती गुण केले हे चढत्या क्रमाने लिहिलं जातं, टाइमआउटची नोंद होते. पण फुली पडते ती एकदाच. तो बाहेर कधी गेला, परत कधी आला, याला जागाच नाही. दुसऱ्या क्वार्टरपासून सामना संपेपर्यंत घाम गाळणारा बदली खेळाडू आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात हजेरी लावून जाणारा, दोघांची फुली सारखीच. म्हणजे गावभर ज्यावरून भांडण चाललंय, तो आकडा कोणाकडेच नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खेळाडूंचं कोष्टक मोबाईलवर उघडलं की नावाच्या शेजारी पहिला रकाना मिनिटांचाच असतो. तिथला वेम्बान्यामा काल किती वेळ खेळला हे धंतोली-शिवाजीनगरच्या कोर्टावरची पोरं घडाघडा सांगतात. स्वतःची मिनिटं विचारा, खांदे उडवतील.

हिशेब तसा सोपा आहे. आपल्याकडच्या नियमाने दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानात पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात एकूण २०० मिनिटं. ती बारा जणांत समान वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसतरा मिनिटंही येत नाहीत. असं समान वाटप जिंकायला उतरलेला कोणताच प्रशिक्षक करत नाही. सर्वसाधारण सामन्यात आठ-नऊ जण फिरते राहतात, सामना घासून चालला की सात. उरलेल्यांना संघ वीस-पंचवीस गुणांनी पुढे असला की शेवटी उतरवतात. नवीन मुलाची पहिली मिनिटं बहुधा अशीच असतात. समोरच्या संघानेही तोवर हात टेकलेले असतात, त्यांचेही राखीव उतरलेले असतात. अशा वेळी केलेले दहा गुण आणि बरोबरीत चाललेल्या सामन्यातले दहा गुण वर्तमानपत्रात एकाच वजनाने छापले जातात.

या मुलाकडे कसब आहे, याबद्दल वाद नाही. उजव्या बाजूने घुसून तो जो लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद शॉट, टाकतो, तो त्याच्या वयाच्या फार थोड्या मुलांना जमतो. पण पहिल्या दोन सामन्यांत त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. उपांत्य सामन्यातला प्रतिस्पर्धी संघ आधीचा सामना पाहायला गॅलरीत येऊन बसला होता, हे मी पाहिलं आहे. पहिल्याच चालीपासून त्यांनी त्याला उजवीकडे वळूच दिलं नाही. डाव्या हाताने ड्रिबल करताना त्याची मान खाली जाते. दोनदा चेंडू गेला, म्हणजे टर्नओव्हर. पण प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढलं ते त्यामुळे नव्हे. दुसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी लागोपाठ स्क्रीन लावले, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला खेळाडू उभा केला, याने सोबत्याला हाक दिली नाही, आणि त्याच्या वाट्याचा खेळाडू दोनदा मोकळा सुटून बास्केट करून गेला. प्रेक्षक चेंडूकडे बघतात, प्रशिक्षक चेंडू नसलेल्या बाजूकडे. गॅलरीतून ते टर्नओव्हर दिसले, ही चूक दिसली नाही. त्या वेळी त्याला बसवणं माझ्या मते योग्यच होतं.

अयोग्य झालं ते पुढे. बदलीची मागणी नियमाप्रमाणे प्रशिक्षकाने करायची नसते, खेळाडूने स्वतः टेबलाशी येऊन करायची असते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हा मुलगा आला, मला म्हणाला, ‘सर, सब.’ शेजारच्या खुर्चीवर बसून त्याने बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली. शिट्टी व्हायच्या आत मागून आवाज आला, ‘थांब, बस तू.’ मी हॉर्न दिलेला नव्हता, त्यामुळे मागणी मागे घेता येत होती. तो परत गेला. थोड्या वेळाने पुन्हा हाच प्रकार. शेवटी जेव्हा खरंच उतरला, तेव्हा त्याचा पहिला शॉट रिंगला लागून बाहेर आला. बाकी चौघे बचावाला मागे धावले. हा मात्र जागच्या जागी उभा राहून बेंचकडे बघत होता, आता काढतात की काय म्हणून. तेवढ्यात त्याचा माणूस पुढे निघून गेला आणि फास्ट ब्रेकवर, बचाव सावरायच्या आत, फुकटचे दोन गुण. लगेच काढला. चौथ्या क्वार्टरमध्ये त्याच्या संघाच्या पॉइंट गार्डचे, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणाऱ्याचे, चार फाऊल झाले होते. पाचव्याला बाहेर जावं लागतं, म्हणून तो अंग चोरून खेळत होता. नव्या मुलाला सलग तीन-चार मिनिटं द्यायची ती वेळ होती. दिली नाहीत. आपल्या वृत्तात निषेध व्हायला हवा होता तो याचा. सरसकट ‘बसवून ठेवलं’ म्हटल्याने प्रशिक्षकाचा बरोबर निर्णय आणि चुकलेला निर्णय एकाच पोत्यात गेले.

आपल्या शहराला क्रिकेटच्या चष्म्यातून सगळे खेळ बघायची सवय आहे, आणि इथे तो चष्मा उपयोगी पडत नाही. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर २०२५च्या रणजी अंतिम सामन्यात केरळविरुद्ध विदर्भाची अवस्था ३ बाद २४ होती, तिथून दानिश मालेवारने १५३ धावा काढल्या. त्याचा तो पहिलाच रणजी मोसम. पण एकदा अकरांत नाव आलं आणि तो पॅड बांधून उतरला की एखादा फटका चुकला म्हणून प्रशिक्षक त्याला हात धरून आत आणू शकत नाही. बाद होईस्तोवर डाव त्याचाच. बास्केटबॉलमध्ये संघात नाव येणं हा निम्माच निकाल. खेळ थांबला की बदली करता येते, कितीही वेळा करता येते, आणि प्रत्येक चुकीनंतर नव्याने निवड होते.

मोठ्या मोठ्यांची यातून सुटका झालेली नाही. कोबी ब्रायंट अठराव्या वर्षी एनबीएच्या लेकर्स संघाकडे आला तेव्हा डेल हॅरिस या प्रशिक्षकाने त्याला १९९६-९७च्या मोसमात सरासरी साडेपंधरा मिनिटं दिली. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. ७१ सामन्यांत तो पहिल्या पाचात उतरला फक्त सहा वेळा. त्याच हॅरिसने यूटा संघाविरुद्ध मोसम पणाला लागलेला असताना शेवटचा शॉट मात्र त्याच्या हातात दिला. कोबीने चार चेंडू असे मारले की रिंगलाही लागले नाहीत, एक नियमित वेळेच्या अखेरीस आणि तीन जादा वेळेत. लेकर्स बाहेर पडले. मिनिटं कमी दिली म्हणून हॅरिसला बोल लावणारे आजही आहेत, त्या चार शॉटवरून त्याला बोल लावणारे मला तरी भेटलेले नाहीत.

एनबीएतल्याच जेरेमी लिनची गोष्ट तर आपल्या बातमीशी जुळणारीच. २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कोणी घेतलं नाही. पुढे दोन संघांनी सोडून दिलं, न्यूयॉर्कच्या बेंचच्या टोकाला तो बसलेला. ४ फेब्रुवारी २०१२ला हातातले गार्ड चालेनात म्हणून प्रशिक्षक माइक डी’अँटोनीने नाइलाजाने त्याला उतरवलं आणि ३६ मिनिटं ठेवलं. २५ गुण, सात असिस्ट, म्हणजे ज्यावर सोबत्याने बास्केट केली असे पास. आठवडा संपायच्या आत लेकर्सविरुद्ध ३८ गुण. नाइलाजाने का होईना, पण सलग मिनिटं मिळाली म्हणून तो दिसला. आणि तीन आठवड्यांच्या आत मायामीने त्याचा नीट अभ्यास करून त्याला अकरापैकी एकच शॉट टाकू दिला, आठ टर्नओव्हर करायला लावले. आपल्या मुलाचं तिसऱ्या सामन्यात जे झालं, ते लिनचंही झालं. फरक इतकाच की लिनला त्यानंतरच्या सामन्यात परत उतरवलं.

आपल्याकडच्या प्रशिक्षकांचीही बाजू आहे, ती दोन ओळींत सांगतो. बरेच जण शाळेतले क्रीडाशिक्षक, तीन खेळ एकाच माणसाच्या गळ्यात. दहावी-बारावीच्या मुलांचे सवलतीचे क्रीडा गुण पुढच्या फेरीवर अवलंबून असतात, आणि त्यासाठी पालक कोर्टाच्या कडेला उभे राहून डोळे वटारत असतात. अशात नवख्यावर चार मिनिटांचा जुगार खेळायला छाती लागते.

म्हणूनच माझी मागणी लहान आहे. टेबलावर आणखी एक माणूस बसवा. एखादा माजी खेळाडू, नाहीतर कॉलेजातली मुलगी. तिच्याकडे एक वही. घड्याळ समोर चालूच असतं. बदली झाली की बाहेर जाणाऱ्याचा आणि आत येणाऱ्याचा क्रमांक लिहायचा, घड्याळात उरलेली वेळ लिहायची, बस्स. सामना संपल्यावर एका संघाची बेरीज २०० यायला हवी. आली नाही तर नोंदीत कुठेतरी चूक आहे, म्हणजे तपासणीही आपोआप होते. हे मी एका मित्रत्वाच्या सामन्यात सहज करून पाहिलं होतं. सामन्यानंतर त्या प्रशिक्षकांना विचारलं, तुमच्या नव्या मुलाला किती वेळ दिला? ते म्हणाले, ‘निम्मा सामना तर खेळला असेल ना हो.’ वहीत अकरा मिनिटं होती, तीही सहा तुकड्यांत. सर वही हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘सहा तुकडे?’ खोटं बोलत नव्हते ते. टाइमआउट, फाऊल, पंचांशी हुज्जत यांच्या गर्दीत कोणाच्याच डोक्यात हा हिशेब राहत नाही.

नुसत्या मिनिटांनी सगळं कळेल असा माझा दावा नाही. ती सामन्याच्या कोणत्या वेळी मिळाली, सोबत कोण होतं, हेही बघावं लागेल. चौदा वर्षांखालच्या गटात तर मी आणखी पुढे जाईन. तिथे प्रत्येक मुलाला किमान अमुक मिनिटं द्यायचीच, असा नियम करायला हवा. काही देशांत लहान गटांसाठी असे नियम आहेत. तेराव्या वर्षी बेंचवर वाळलेलं पोरगं सतराव्या वर्षी कोर्टावर येतच नाही, आणि मग आपण उंच मुलं मिळत नाहीत म्हणून रडतो. मोठ्या गटात सक्ती नको, तिथे नोंद पुरे.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच की निकालात जिथे खेळाडूच्या नावापुढे गुण छापता, तिथे मिनिटंही छापावीत. जागा चार अक्षरांची लागेल. पुढच्या स्पर्धेपासून आम्ही टेबलावरचे दोघे-तिघे ही वही ठेवणार आहोत, आयोजकांनी सांगो न सांगो. आपल्या वार्ताहराने शेवटच्या शिट्टीनंतर लगेच टेबलापाशी यावं. बक्षीस समारंभ सुरू झाला की टेबलावरचे सगळे कागद समोशांच्या खोक्यासोबत कुठे जातात, हे आजवर कोणालाही शोधता आलेलं नाही.

आपला,
एक टेबल ऑफिशियल, लक्ष्मीनगर, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. पुढच्या सामन्यातही याच प्रशिक्षकांशेजारी बसायचं आहे.)