मंत्रिमहोदय, अर्ज नोंदलाच गेला नाही तर मुदत कुठून मोजायची?

मा. मंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात, सरकारी पोर्टलवर लोकांचे अर्ज भरून देणारं माझं छोटं सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बाहेर पत्र्याखाली एक बाक. मागच्या दौऱ्यात आम्ही केंद्रचालकांनी तुमच्या हातात निवेदन दिलं होतं. तुम्ही ते उभ्या उभ्या वाचलंत, सहायकाकडे दिलंत आणि पंधरा दिवसांत पोर्टल सुरळीत होईल असं सगळ्यांसमोर सांगितलंत. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याला चार महिने झाले. काल फी सवलतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. पोर्टल सकाळी दहाला पडलं ते रात्री बारापर्यंत उठलं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितोय.

काल बाकावर सतरा माणसं होती. त्यांत आमच्या गल्लीतल्या एक मावशी, विड्या वळणाऱ्या. हजार विड्या वळल्या तर दिवस भरतो, माझ्याकडे येऊन बसल्या की मांडीवरचं सूप घरी तसंच राहतं. मुलीच्या फी सवलतीचा अर्ज भरायचा होता आणि हा त्यांचा चौथा हेलपाटा. इतकी वर्षं पान वळून बोटांवरच्या रेघा झिजल्यात, मशीन त्यांचा अंगठा ओळखत नाही. रुमाल ओला करून अंगठा पुसला, सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला. मावशी हसल्या. मी 'सबमिट' दाबलं. तीस सेकंद चाक फिरलं आणि पांढऱ्या पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग आली. पहिली ओळ अशी : 'कॅनॉट गेट अ कनेक्शन, पूल एरर, टाइमआउट वेटिंग फॉर आयडल ऑब्जेक्ट.'

मावशींनी विचारलं, "झालं का ओ?"

साहेब, ती ओळ मला वाचता येते. केंद्र सुरू करण्याआधी मी नऊ वर्षं पुण्यात सर्व्हर आणि डेटाबेसचंच काम केलं. वडिलांच्या आजारपणात परत आलो. त्यामुळे तुमच्या मदत कक्षातून "तुमच्या इंटरनेटचा प्रॉब्लेम असेल, ब्राउझर बदलून बघा" असं उत्तर आलं की अंगाचा तिळपापड होतो. मी तुमच्या सर्व्हरवर बसलेलो नाही, पण तो सर्व्हरच पडद्यावर आपलं दुखणं सांगतोय.

पोर्टल एका मशीनवर चालतं आणि लोकांची माहिती दुसऱ्या मशीनवरच्या डेटाबेसमध्ये असते. दोघांमध्ये जोडण्या लागतात. दर माणसामागे नवी जोडणी उघडणं महागात पडतं, म्हणून मोजक्या जोडण्या आधीच उघडून ठेवतात आणि आळीपाळीने वापरतात. हा झाला कनेक्शन पूल. त्यात किती जोडण्या ठेवायच्या हे कॉन्फिगरेशन फाइलमधला, म्हणजे पोर्टलच्या सेटिंगच्या फाइलमधला, एक आकडा ठरवतो. तो कोणी लिहिलाच नाही, तर टॉमकॅट या पोर्टल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत येणारा नेहमीचा पूल 8 जोडण्यांवर थांबतो, हिकारी नावाचा पूल 10 वर. आठ माग आणि नववा कामगार दारात उभा. पडद्यावरची ती इंग्रजी ओळ हेच सांगत होती : रिकामी जोडणी मिळाली नाही. शेवटच्या दिवशी राज्यभरातून माणसं येतात तेव्हा त्या आकड्यावर काय चालणार?

आकडा नुसता वाढवूनही भागत नाही. डेटाबेसचीही सोसण्याची हद्द असते : मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसची मूळ मर्यादा 151 जोडण्यांची, पोस्टग्रे नावाच्या दुसऱ्याची 100. चार सर्व्हरना प्रत्येकी 50 दिल्या, तर 200 होतात आणि दारावरच धक्काबुक्की सुरू. हा हिशोब कागदावर पाच मिनिटांचा आहे. कोणी केला?

सकाळचं रडगाणं वेगळंच. केंद्र उघडल्यावर पहिले चार-पाच अर्ज हमखास फसतात, 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' येतं. मायएसक्यूएल रिकामी पडलेली जोडणी 28800 सेकंदांनी, म्हणजे बरोबर 8 तासांनी, आपल्या बाजूने तोडून टाकतो. रात्रभर कोणी फिरकत नाही, जोडण्या मरतात. पोर्टलला वाटतं त्या जिवंत आहेत, आणि सकाळी पहिल्या माणसाच्या हातात ते मेलेली दोरी देतं. जोडणी देण्याआधी 'सिलेक्ट 1' एवढा प्रश्न विचारून ती जिवंत आहे का बघायची सोय त्याच फाइलमध्ये असते. दोन ओळींचं काम. ते होत नाही म्हणून रोज सगळ्यात आधी येऊन बसलेल्या माणसाचाच अर्ज जातो!

आणि पैसे. फी भरायची यंत्रणा वेगळी, ती मात्र धडधाकट. पैसे कापले जातात, नोंद करायला डेटाबेस सापडत नाही, पावती निघत नाही. माझ्या वहीत अशा 43 नोंदी आहेत. त्यातल्या 29 जणांना मी माझ्या खिशातून पैसे परत दिलेत, कारण त्यांना दिसतो तो मी. गेल्या महिन्यात एकाने कॉलर धरली. "मालक, तुम्हीच खाल्ले पैसे," असं बायकोसमोर म्हणाला. ती आत चहा ओतत होती, तिचा हात थांबला. त्या रात्री मी जेवलो नाही. अकरावीतला मुलगा म्हणतो, "बाबा, पुण्याला परत जाऊ या." त्याला काय उत्तर देऊ?

वडिलांचंही सांगतो. ते यंत्रमागावर चाळीस वर्षं होते. जाण्याआधी त्यांच्या एका अर्जाचा कागद तुमच्या पोर्टलवरून निघाला, त्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आडनावाच्या जागीही प्रश्नचिन्हं. पोर्टलपासून डेटाबेसपर्यंत सगळीकडे युनिकोड ठरवून दिलं नाही, मध्येच कुठे लॅटिन-1 ही फक्त युरोपी अक्षरांची जुनी पद्धत राहिली, तर देवनागरीचं असं होतं. मायएसक्यूएलने मूळ सेटिंग 2018 साली, 8.0 आवृत्तीत बदललं, त्याआधीचं लॅटिन-1 होतं. आणि एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. ते नाव गेलंच. वडिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "माझं नाव एवढं अवघड आहे का रे?" मराठी राज्याच्या पोर्टलला मराठी नाव लिहिता येत नाही, याची लाज मला वाटली. तुम्हाला वाटते का?

एकदा पडद्यावर डेटाबेसचा पत्ता आणि जोडणारा वापरकर्ताही दिसला : 'रूट'. म्हणजे अर्ज भरून घेणाऱ्या पोर्टलच्या हातात सगळ्या घराच्या किल्ल्या, आणि ते रस्त्यावरच्या माणसाला ओरडून सांगतंय. तो पत्ता मी इथे लिहीत नाही. फोटो काढून ईमेल केला होता, उत्तर नाही. पोर्टलला हवे तेवढेच अधिकार असलेलं वेगळं खातं द्या आणि हा तपशील लोकांना दाखवणं आजच्या आज बंद करा. ही एक मागणी तरी तातडीची समजा.

आता कायद्याचं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 सालचा. ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायची, नाही दिली तर अपील, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. चांगला कायदा आहे, मी त्याचा तक्ता भिंतीवर लावलाय. पण मुदत मोजायची ती अर्ज दाखल झाल्यापासून, आणि अर्ज दाखल झाल्याचा पुरावा म्हणजे पोर्टलने दिलेला क्रमांक. जोडणी मिळाली नाही, तर क्रमांक नाही. क्रमांक नाही, तर अर्ज नाही. अपील कशाचं करायचं? मावशी चार वेळा आल्या, त्याची तुमच्या राज्यात कुठेही नोंद नाही. उद्या विधिमंडळात प्रश्न आला, तर एकही अर्ज प्रलंबित नाही असं उत्तर तुम्ही द्याल आणि तुमच्या पडद्यावर ते खरंच दिसेल!

मला सगळ्यात जास्त हे डाचतं. मुदत पाळायची ती फक्त आम्ही. तुमचे पंधरा दिवस चार महिने चालतात, मावशींची रात्री बाराची वेळ एका मिनिटाने पुढे सरकत नाही. मदत कक्ष म्हणतो जिल्ह्याला विचारा, जिल्हा म्हणतो मुंबईला, मुंबई म्हणते कंत्राटदाराला, कंत्राटदाराचा नंबर कोणाकडेच नाही. या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बाया रात्री उठून भांडी भरतात. तेही आम्ही सोसलं. पण पाण्याचा दिवस निदान कळतो तरी. पोर्टलवर एक साधी सूचनासुद्धा नसते, आणि मुखपृष्ठावरचे फोटो मात्र वेळच्या वेळी बदलतात. ते बदलायला माणूस आहे, मग फाइलमधल्या चार ओळी बदलायला का नाही?

कालची मुदत वाढवा. पोर्टल पडलं की केंद्रावरच हाताने पोच द्यायची मुभा द्या, तीच तारीख अर्जाची तारीख धरा. आणि ती फाइल कोणाच्या ताब्यात आहे, त्या अधिकाऱ्याचं नाव जाहीर करा. मी स्वखर्चाने मुंबईला येऊन त्याच्यासोबत बसायला तयार आहे.

काल रात्री बारा वाजून गेल्यावर मावशी उठल्या. झेरॉक्सची पिशवी माझ्याकडेच ठेवून गेल्या. चालू झालं की फोन कर, सूप ठेवून येते म्हणाल्या. पिशवी माझ्या कपाटात आहे. फोन कधी करू, तेवढं कळवा.

आपला,
एक सेवा केंद्रचालक, सोलापूर