कोबुर्गच्या ढालीवरचं डोकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जर्मनीतल्या कोबुर्ग गावाच्या नगरचिन्हावरचं टिपण आपल्या रविवार पुरवणीत वाचलं. सोनेरी ढालीवरचं ते काळं डोकं ‘बहुधा एखाद्या गुलामाचं’ आहे, असं लेखक म्हणतात. ते संत मॉरिसचं आहे.

लेक तिथे नोकरीला असल्याने गेल्या वर्षी दीड महिना मी त्या गावात होते. शाळेत अठ्ठावीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे कुठेही चिन्ह दिसलं की पाय थबकतो. तिथे तर ते पायाखालीच असतं. रस्त्यातल्या गटारांच्या लोखंडी झाकणांवर हेच डोकं ओतलेलं आहे. हा संत आहे, हे कळल्यावर मी झाकणं चुकवत चालायला लागले. लेक हसायची.

मॉरिस हा इजिप्तमधल्या थीब्जकडच्या रोमन पलटणीचा सेनानी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, आजच्या स्वित्झर्लंडमध्ये त्याला सैनिकांसह मारलं, अशी आख्यायिका आहे. कोबुर्गचं मुख्य चर्च त्याच्याच नावाचं. 1530 साली प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने तिथे प्रवचनं दिली होती.

टिपणात एक गोष्ट राहूनच गेली आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे डोकं एकदा खरोखरच पुसलं गेलं होतं. 1929 मध्ये नगरपरिषदेत नाझींना बहुमत देणारं हे जर्मनीतलं पहिलं गाव. आपल्या गावाची ओळख म्हणून एक काळा माणूस त्यांना कसा चालणार? 1934 मध्ये त्यांनी त्याच्या जागी तलवार आणली, मुठीवर स्वस्तिक. 1945 मध्ये तलवार गेली आणि मॉरिस परत आला.

2020 मध्ये पुन्हा चिन्ह बदलण्याची मागणी झाली, या वेळी ते वंशद्वेषी आहे म्हणून. मागणी करणाऱ्यांना मी उडवून लावणार नाही. लालभडक जाड ओठ, कानात सोन्याची बाळी, कुरळ्या केसांचा गोळा: माझ्या विद्यार्थ्याने असा चेहरा काढला असता तर ‘माणूस बघून काढ’ म्हणून कागद परत दिला असता. पण खोट रेखाटनात आहे. त्यासाठी संताला कशाला हाकलायचं? जर्मनीतल्याच माग्डेबुर्ग शहराच्या कॅथेड्रलमध्ये याच मॉरिसचा साधारण 1240-50 चा दगडी पुतळा आहे. अंगात साखळ्यांचं चिलखत आणि चेहरा अस्सल आफ्रिकी माणसाचा, थट्टेचा मागमूस नाही. पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला जे जमलं, ते आजच्या चित्रकाराला का जमू नये? कोबुर्गकरांनी ढाल तीच ठेवावी आणि चेहरा त्या पुतळ्यावरून नव्याने काढून घ्यावा, असं आपलं माझं मत.

आणि हो, पुरवणीत ढाल करडी छापली आहे. ती सोनेरी असते, फार तर पिवळी. करड्यावर काळं काढलं तर लांबून दिसणार काय?

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका