चेन तुटली तेव्हा थांबलेल्या त्या दोघांचे आभार

रविवारी इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये मी पहिल्यांदाच माउंटन बाइक ओरिएंटिअरिंगला उतरले. सायकलवरून, नकाशा बघत, तीन तासांत जमतील तेवढे कंट्रोल (नकाशावर खूण केलेले थांबे) गाठायचे. उशीर झाला की गुण कापले जातात. दुसऱ्या कंट्रोलनंतर वाट चुकले, आणि चढावर चेनच तुटली. रडूच आलं.

मागून आलेलं साठीतलं एक जोडपं थांबलं. काकांनी स्वतःजवळची जोडकडी घालून चेन जोडली. काकूंनी हँडलवरचा नकाशा हळूच फिरवला, समोरची दगडी भिंत आणि कागदावरची रेघ एका दिशेत आणली, माझं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं. तेही स्पर्धेतच होते. त्यांची वीस मिनिटं गेली. नावं विचारायची राहिली. त्यांना मराठी कळणार नाही, तरी लिहितेय: मनापासून आभार. मी पाच कंट्रोल करून वेळेत परतले. काकूंच्या बोटांचं ग्रीस लागलेला तो नकाशा जपून ठेवलाय.