बंड्यास, अण्णांच्या रिळांबद्दल

बंड्या,

मी बरा आहे, गुडघा कुरकुरतो, ते सोड. काकूंचा फोन आला होता, अण्णांच्या सिनेमाच्या तंबूचं सामान काढतायत, रिळांचे डबे बघून जा म्हणाल्या. गेलो. पहिलंच झाकण उघडलं आणि नाकात व्हिनेगरचा असला भपका शिरला की खोकलाच आला. फिल्म कडेनं लाटा आल्यासारखी वाकडी, रंग म्हणशील तर सगळा गुलाबी, हिरोचे केससुद्धा. शेजारच्या डब्यांतही तीच सुरुवात, ॲसिटेटच्या, म्हणजे त्या प्लास्टिकच्या फिल्मला हा रोग लागला की पसरतो. पेटबिट घेणार नाही, पेटायची ती १९५० च्या आधीची नायट्रेटची, तू उगाच पाण्याची बादली घेऊन बसायचास.

तर घोळ असा की काकूंना नातवासाठी अंगणात एक खेळ लावायचाय, तंबूतल्या त्याच प्रोजेक्टरच्या मशीनवर, आणि ऑपरेटर म्हणे आपण दोघं! अरे फिल्म आक्रसलीय, भोकं दात्यांवर बसणारच नाहीत, टराटरा फाटेल. वर मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्या कुठनं आणू? पुसेगावच्या जत्रेत काळ्या काचेतून बघत दोन कार्बनमधलं अंतर मी सांभाळायचो आणि तू दोन हजार फुटांचं रीळ म्हणजे बावीस मिनिटं निवांत घोरायचास. मग उठून सहाच्या आधी सातवं लावलंस, हिरो मेला आणि पुढच्या रिळात बोहल्यावर उभा. ते मी लावलं असं अजून सांगत फिरतोस ना, डब्यांवरचे नंबर तुझ्याच अक्षरात आहेत, फोटो पाठवतो.

माझं म्हणणं, पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला विचारू. १९६४ पासून हेच काम करतात. थंडीत ठेवलं तरी झालेलं नुकसान भरून येत नाही, नुसता वेग कमी होतो, पण इथं पत्र्याखाली ठेवण्यापेक्षा बरं. पुणं म्हटलं की काकू गप्प होतात. डिजिटल आलं, प्रिंट निघायच्या बंद झाल्या, तंबू एका पावसाळ्यात गुंडाळला तो उभाच राहिला नाही, आणि आता हेही न्यायचं म्हणजे... मी म्हटलं पडदा धड आहे, पेनड्राइव्ह लावून भाड्याच्या प्रोजेक्टरवर दाखवू, तर म्हणाल्या, "त्यात मशीनचा आवाज कुठाय?" काय बोलणार?

तुझं ऐकतात त्या. रविवारच्या आत फोन कर, माझं नाव न घेता सांग. धाकटीचं ॲडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार, आणि ते पित्ताचं डॉक्टरला दाखव एकदा.

तुझाच,
दिन्या